बॅकअपच्या चाळणीतून काय गळते?

संगणकातील माहितीचा बॅकअप घ्यावा, हे आता कुणाला सांगावे लागत नाही. चार्टर्ड अकाउंटंटची कचेरी असो, छायाचित्रकाराचा स्टुडिओ असो, छापखाना असो वा दोन-तीन संगणक असलेले घर, कोपऱ्यात नेटवर्क स्टोरेजची एक पेटी लुकलुकत असते. रात्री ठरलेल्या वेळी तिच्यातील माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा इंटरनेटवरील भाड्याच्या जागेत जाऊ लागते. सकाळी 'बॅकअप यशस्वी' असा हिरवा शेरा दिसला, की सारे निर्धास्त होतात. या शेऱ्याचा नेमका अर्थ मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. 'जे घ्यायला सांगितले होते, ते घेतले', एवढेच तो सांगतो. जे घेऊ नये असे सांगितले होते, त्याविषयी तो मौन पाळतो.

बॅकअपच्या बहुतेक सर्व सॉफ्टवेअरमध्ये 'ही फोल्डर वगळा' असे सांगण्याची सोय असते. ही सोय उपयुक्त आहे, किंबहुना आवश्यक आहे. पण ही यादी बहुधा एकदाच, घाईने आणि जागा अपुरी पडू लागली म्हणून केली जाते. त्यानंतर तिच्याकडे कुणी पाहत नाही. पुढे एखादी डिस्क निकामी होते, प्रत उघडली जाते आणि नेमके हवे तेच फोल्डर त्या यादीत होते, असे ध्यानात येते. म्हणूनच काय वगळावे आणि काय वगळू नये, याचा विचार शांतपणे करायला हवा.

पेटी म्हणजे बॅकअप नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. नेटवर्क स्टोरेज म्हणजे नेटवर्कला जोडलेला, स्वतःची छोटी संगणकप्रणाली असलेला डिस्कचा संच. त्यात दोन डिस्क असतील आणि एकीवरचे सारे दुसरीवर त्याच क्षणी उमटत असेल, तर एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही. या व्यवस्थेला 'रेड' म्हणतात. पण फाइल चुकून पुसली गेली, तर ती दोन्हीकडून पुसली जाते. खंडणीखोर व्हायरसने फायलींना कुलूप लावले, तर तेही दोन्हीकडे लागते. बॅकअप म्हणजे वेगळ्या ठिकाणी ठेवलेली, मागच्या तारखांकडे परत जाता येईल अशी प्रत. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने प्रचलित केलेला '३-२-१' हा नियम हेच सांगतो: माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. वगळण्याचा प्रश्न येतो तो या दुसऱ्या व तिसऱ्या प्रतीच्या वेळी.

वगळायचे तरी का?

साधे गणित करून पाहावे. एका गिगाबिटच्या घरगुती वा कार्यालयीन नेटवर्कवर सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट माहिती जाते, असे धरले तर एक टेराबाइटची प्रत अडीच तासांत होते. तीच माहिती २० मेगाबिट वेगाने इंटरनेटवर चढवायची म्हटली, तर चार दिवस आणि पंधरा तास लागतात. पहिल्या पूर्ण प्रतीनंतर केवळ बदललेला भागच पाठवला जातो, हे खरे. पण रोज बदलणाऱ्या निरुपयोगी फायली त्यात असतील, तर रोजची रात्र त्यांच्यातच सरते. शिवाय दहा गिगाबाइटची एक फाइल जितक्या झपाट्याने जाते, तितक्या झपाट्याने तेवढ्याच आकाराच्या दहा लाख बारीक फायली जात नाहीत. प्रत्येक फाइल उघडणे, तपासणे आणि बंद करणे यात वेळ जातो.

अशा बारीक फायलींचा मोठा कारखाना पेटीतच चालू असतो. छायाचित्रे झटपट दिसावीत म्हणून पेटी त्यांच्या चिमुकल्या प्रतिमा आपणहून तयार करते. सिनॉलॉजीच्या पेटीत त्या '@ईएडिर' नावाच्या लपलेल्या फोल्डरांत साठतात. क्यूनॅपच्या पेटीतही यासाठी वेगळी लपलेली फोल्डर असतात. त्याखेरीज पुसलेल्या फायली काही काळ सांभाळणारी कचरापेटी असते. विंडोजच्या संगणकावर अपुऱ्या मेमरीची भरपाई करणारी पेजफाइल आणि संगणक झोपवताना मेमरीतला मजकूर जिच्यात उतरतो ती हायबरनेशनची फाइल असते. कित्येक गिगाबाइटच्या या दोन्ही फायली दुसऱ्या दिवशी कुणाच्याही उपयोगी पडत नाहीत. बॅकअपमध्ये घेऊ नयेत अशा फायलींची एक यादी विंडोजच्या रजिस्ट्रीतही असते. तिचे पालन करायचे की नाही, हे मात्र बॅकअपच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असते.

याहून फसवा प्रकार स्नॅपशॉटचा. आधुनिक स्टोरेज ठरावीक अंतराने संपूर्ण साठ्याचे 'क्षणचित्र' टिपून ठेवते. त्याला जागा अगदी थोडी लागते, कारण न बदललेला भाग पुन्हा लिहिला जात नाही. पण नेटवर्कवरून पाहणाऱ्याला प्रत्येक क्षणचित्र हे पूर्ण साठ्यासारखेच दिसते. नेटॲपच्या यंत्रणेत ती सारी 'स्नॅपशॉट' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये आढळतात. बॅकअपचे सॉफ्टवेअर त्या फोल्डरमध्ये शिरले आणि तेथे तीस क्षणचित्रे असली, तर ते तोच साठा तीस वेळा वाचत बसते. दोन टेराबाइटची माहिती साठ टेराबाइटची भासू लागते. बॅकअपची प्रत त्याच पेटीतल्या एखाद्या फोल्डरमध्ये जात असेल आणि ते फोल्डर वगळलेले नसेल, तर बॅकअपचाच बॅकअप घेतला जाऊ लागतो. अशी फोल्डर वगळण्यावाचून गत्यंतर नसते.

कसोटी एकच

एखादे फोल्डर वगळावे की नाही, हे ठरवताना त्याचा आकार किंवा त्याचे नाव पाहून भागत नाही. विचारायचा प्रश्न एकच: हे फोल्डर नाहीसे झाले, तर ते पुन्हा कशापासून तयार होईल आणि त्याला किती वेळ लागेल? चिमुकल्या प्रतिमा मूळ छायाचित्रांपासून पुन्हा तयार होतात. ब्राउझरचा तात्पुरता साठा इंटरनेटवरून पुन्हा भरतो. पेजफाइल संगणक सुरू होताच नव्याने बनते. अशा वस्तू खुशाल वगळाव्यात. 'कशापासून' या शब्दाचे उत्तर देता आले नाही, तर ते फोल्डर बॅकअपमध्येच राहू द्यावे.

हीच कल्पना मनात धरून ब्रायन फोर्ड या संगणकतज्ज्ञाने २००४मध्ये एक साधा संकेत सुचवला. ज्या फोल्डरमधील मजकूर पुन्हा निर्माण करता येतो, त्यात संबंधित सॉफ्टवेअरनेच 'कॅशडिर टॅग' नावाची छोटी खुणेची फाइल ठेवावी आणि बॅकअप घेणाऱ्याने ती पाहून आतला मजकूर सोडून द्यावा. टार, बोर्ग, रेस्टिक अशी साधने सूचना दिल्यास हा संकेत पाळतात. यातील शहाणपण असे, की फोल्डर टाकाऊ आहे हे बाहेरचा माणूस नावावरून ठरवत नाही. ज्याने ते निर्माण केले, तोच ते जाहीर करतो.

सुक्याबरोबर ओलेही

नुकसान होते ते सरसकट नियमांमुळे. सर्वांत ठळक उदाहरण विंडोजमधील 'ॲपडेटा' या लपलेल्या फोल्डरचे. त्यात तात्पुरत्या फायलींचा ढीग असतो, म्हणून अनेक जण ते पूर्णच वगळतात. पण क्रोम ब्राउझरच्या जतन केलेल्या पत्त्यांची फाइल याच फोल्डरच्या 'लोकल' या भागात असते. फायरफॉक्सचा तात्पुरता साठा 'लोकल'मध्ये आणि वापरकर्त्याची स्वतःची माहिती 'रोमिंग'मध्ये असते. म्हणजे एका सॉफ्टवेअरच्या बाबतीत जो भाग निरुपयोगी, तोच दुसऱ्याच्या बाबतीत मोलाचा ठरतो.

आउटलुकच्या पत्रव्यवहाराचे असेच आहे. त्याच्या दोन प्रकारच्या फायली असतात. 'ओएसटी' ही सर्व्हरवरील टपालपेटीची स्थानिक नक्कल असते. सर्व्हर शाबूत असेल, तर ती पुन्हा उतरवता येते. 'पीएसटी' फाइलमध्ये मात्र पत्रांची एकमेव प्रत असू शकते. आउटलुकच्या २००७पर्यंतच्या आवृत्त्या ही फाइल लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवत. २०१०च्या आवृत्तीपासून नवी पीएसटी फाइल 'डॉक्युमेंट्स'मध्ये जाऊ लागली. जुन्या संगणकावरून वर्षानुवर्षे पुढे आणलेली पीएसटी फाइल आजही जुन्याच जागी असू शकते आणि ती जागा वगळलेली असेल, तर पंधरा-वीस वर्षांची पत्रे तिच्याबरोबर जातात.

मराठी छापखाने आणि प्रकाशनसंस्था यांच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि काही ठिकाणी त्यानंतरही, श्री-लिपी, आकृती अशा सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र फॉन्टमध्ये पुस्तके, दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका जुळवल्या गेल्या. या फायलींमध्ये देवनागरी अक्षर नसते. विशिष्ट फॉन्ट लावला तरच देवनागरी म्हणून दिसणारे संकेत तेवढे असतात. 'विंडोज काय, केव्हाही नव्याने टाकता येते', असे म्हणून विंडोजचे संपूर्ण फोल्डर वगळले, की त्यातील फॉन्टही वगळले जातात. पुढे मजकुराची फाइल सुखरूप परत मिळते, पण पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक घोळ उमटतो. विंडोज पुन्हा टाकता येते, हे खरेच. नंतर त्यात भरलेले फॉन्ट विंडोजबरोबर येत नाहीत.

डेटाबेसची गोष्ट थोडी निराळी. ग्राहकांची नोंद, रुग्णांची नोंद किंवा दुकानाचा साठा ज्या डेटाबेसमध्ये असतो, त्याच्या फायली काम चालू असताना सतत बदलत असतात. अशा उघड्या फाइलची सरळ नक्कल केली, तर तिचा अर्धा भाग आधीचा आणि अर्धा नंतरचा असा येऊ शकतो व ती उघडतच नाही. म्हणून जाणकार डेटाबेसचे मूळ फोल्डर वगळतात, पण त्याआधी डेटाबेसच्याच साधनाने त्याची सुसंगत प्रत काढून ती दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि बॅकअप त्या प्रतीचा घेतात. यातील पहिले काम केले आणि दुसरे राहिले, तर जे सर्वांत महत्त्वाचे तेच बाहेर राहते.

नियमाची भाषा

वगळण्याचा नियम संगणकाला कसा कळतो, हेही पाहायला हवे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६मध्ये प्रसिद्ध केलेले 'आरसिंक' हे साधन आजही फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यात 'टेम्प' एवढेच नाव लिहिले, तर कोणत्याही पातळीवर त्या नावाचे जे जे असेल ते वगळले जाते. नावाआधी तिरकी रेघ दिली, तर केवळ सर्वांत वरच्या पातळीवरचे 'टेम्प' वगळले जाते. फरक एका रेघेचा आहे. पण एखाद्या वास्तुविशारदाने प्रकल्पाच्या आत चालू आराखड्यांसाठी 'टेम्प' नावाचे फोल्डर केले असेल, तर ती रेघच त्याचे काम वाचवते. शिवाय वरचे फोल्डर वगळले असेल, तर त्याच्या आतले एखादे फोल्डर 'घ्या' असे नंतर सांगून उपयोग होत नाही, कारण साधन आत डोकावतच नाही.

मॅकवरील टाइम मशीन ही सोय २००७मध्ये आली. तिच्या आज्ञावलीतून एखादे फोल्डर वगळले, तर सामान्यतः ती खूण त्या फोल्डरलाच चिकटते. फोल्डर दुसरीकडे हलवले, तरी ते वगळलेलेच राहते. केवळ ती विशिष्ट जागा वगळायची असेल, तर तसे वेगळे सांगावे लागते.

फोल्डरची नावे मराठीत ठेवणाऱ्यांसाठी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. 'दुसऱ्या प्रती' या नावातील 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे नोंदवता येते: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि त्याखालील नुक्ता मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. मॅकची जुनी फाइलव्यवस्था नावे सुटी करून, म्हणजे दुसऱ्या प्रकारे, साठवत असे. विंडोज टंकलेले नाव जसेच्या तसे ठेवते. त्यामुळे एका संगणकावर लिहिलेला नियम दुसऱ्यावरून आलेल्या फोल्डरला लागू न होण्याची शक्यता असते. निदान वगळण्याच्या नियमात येणारी नावे साध्या रोमन अक्षरांत ठेवणे सोयीचे.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायच्या फोल्डरांवर खूण करायची असते, तेथे उलटा धोका असतो. आज खूण केली आणि सहा महिन्यांनी पेटीत नवे फोल्डर तयार झाले, तर ते कुणीही न वगळता बाहेर राहू शकते. म्हणून मूळ साठा संपूर्ण घ्यावा आणि त्यातून नेमके तेवढे वजा करावे, हा मार्ग अधिक सुरक्षित. नजरचुकीने काही राहिलेच, तर ते आत राहते.

उशिरा कळणारी हानी

चुकीचे फोल्डर वगळल्याची हानी त्याच दिवशी कळत नाही, हेच या प्रश्नाचे मर्म आहे. नियम लागू होण्यापूर्वीच्या प्रती काही काळ शिल्लक असतात. जुन्या आवृत्त्या ठरलेल्या मुदतीनंतर पुसल्या जातात, तेव्हा वगळलेल्या फोल्डरची शेवटची प्रतही निमूटपणे जाते. आरसिंकमध्ये तर वगळलेल्या गोष्टी प्रतीमधूनही लगेच पुसून टाकण्याची एक स्वतंत्र आज्ञा आहे. ती नकळत दिली गेली, तर मुदतीचाही आधार उरत नाही.

बॅकअपचे मौन किती महाग पडते, याचा दाखला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीने २०१७मध्ये स्वतःच जगापुढे ठेवला. त्या वर्षी ३१ जानेवारीला मुख्य डेटाबेसचे फोल्डर अनवधानाने पुसले गेले. रोजची प्रत जेथे असायला हवी होती, तेथे काहीच नव्हते. साधनाची आवृत्ती जुळत नसल्याने प्रत निघतच नव्हती आणि त्याविषयीचे इशारे देणारी ईमेलपत्रे नाकारली जात होती. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाताशी होती, म्हणून निभावले.

जपानमधील क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१मध्ये याहून विचित्र प्रकार घडला. महासंगणकाच्या बॅकअपची आज्ञावली चालू असतानाच तिची सुधारित आवृत्ती तिच्या जागी ठेवली गेली. दहा दिवसांहून जुन्या नोंदफायली पुसणे हे तिचे एक काम होते. पण फोल्डरचे नाव ज्यात असायला हवे, ती जागा रिकामी राहिली आणि नोंदफायलींऐवजी संशोधकांच्या फायली पुसल्या गेल्या. सुमारे ७७ टेराबाइट माहिती आणि ३ कोटी ४० लाख फायली गेल्या, १४ संशोधनगटांना झळ पोहोचली आणि त्यांपैकी चार गटांची माहिती परत मिळवता आली नाही. या दोन्ही घटना वगळण्याच्या यादीमुळे घडल्या नाहीत. पण फोल्डरच्या एका नावावर केवढा भार असतो आणि तपासणीविना बॅकअप म्हणजे केवळ समजूत कशी ठरते, हे त्यांतून दिसते.

कायद्याचेही भान हवे

काय वगळावे, हा प्रश्न व्यवसायांसाठी केवळ सोयीचा राहिलेला नाही. कंपनी कायदा २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. ती संगणकावर ठेवली असतील, तर त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर असावा लागतो आणि ऑगस्ट २०२२मधील दुरुस्तीनंतर तो रोजच्या रोज घ्यावा लागतो. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. 'मागच्या वर्षीची फोल्डर आता बदलत नाहीत, मग ती कशाला?' असे म्हणून ती यादीत टाकण्यापूर्वी त्यांची कायमची प्रत दुसरीकडे आहे ना, हे पाहायला हवे. नोंदफायली म्हणजे लॉग हा तर हमखास कचरा समजला जातो. पण 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवापुरवठादार आणि सरकारी कार्यालये यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवायचे आहेत.

यादी कशी करावी?

पहिली गोष्ट, वगळण्याआधी मोजावे. कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली आहे, हे पेटीचे सॉफ्टवेअर दाखवते. बहुतेक वेळा दोन-तीन फोल्डरच साऱ्या अडचणीचे मूळ असतात. तेवढीच वगळून काम भागत असेल, तर लांबलचक यादी करू नये.

दुसरी गोष्ट, प्रत्येक नोंदीपुढे कारण, तारीख आणि ठरवणाऱ्याचे नाव लिहावे. 'चिमुकल्या प्रतिमा, मूळ छायाचित्रांपासून पुन्हा तयार होतात' अशी एक ओळ पुरे. जिच्यापुढे अशी ओळ लिहिता येत नाही, ती नोंद यादीतून काढावी. पूर्ण मार्ग लिहावा, नुसते नाव लिहू नये.

तिसरी गोष्ट, सर्व प्रतींसाठी एकच यादी असण्याचे कारण नाही. शेजारच्या डिस्कवरील प्रतीत जागा आणि वेग दोन्ही मुबलक असतात. तेथे जवळजवळ काहीच वगळू नये. काटकसर करावी ती इंटरनेटवरील प्रतीत, जिथे जागेला भाडे आणि चढवायला वेळ लागतो.

चौथी गोष्ट, आधी रंगीत तालीम घ्यावी. आरसिंकसारखी साधने प्रत्यक्ष नक्कल न करता काय केले असते, याची नुसती यादी देऊ शकतात. नियम बदलण्यापूर्वीची आणि नंतरची यादी ताडून पाहिली, की नेमके काय गळाले ते डोळ्यांसमोर येते. फायलींची संख्या एकाएकी निम्म्यावर आली, तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष काही परत मिळवून पाहावे. एखादी हाताला येईल ती फाइल नव्हे, तर उद्या संगणक जळाला तर परवा काम सुरू करायला जे जे लागेल ते: हिशेब, पत्रे, फॉन्ट, डेटाबेस. ते दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे. नवे सॉफ्टवेअर आले, नवा माणूस रुजू झाला किंवा फोल्डरांची रचना बदलली, तर ही चाचणी त्याच आठवड्यात घ्यावी.

धान्य चाळताना जाणती बाई चाळणीवर उरलेले पाहते, तसे खाली पडलेलेही एकदा पाहते. बॅकअपच्या बाबतीत खाली काय पडले, हे दाखवणारा कोणताही हिरवा शेरा नाही. ते पाहण्याचे काम माणसालाच करावे लागते आणि ते डिस्क चालू आहे तोवरच करता येते.